शेवटच्या धारा

माझी थोरली जाऊ बाळंतपणात गेली, तेव्हा मला सापगावात नांदायला येऊन वर्षही झालं नव्हतं. तिची तान्ही मुलगी माझ्या मांडीवर आली. गोठ्यात डांगी जातीची एक काळी गाय होती. दूध तांब्याभरच द्यायची, पण त्यावर बोटभर साय धरायची. एवढ्यात पोरीचं आणि घराचं कसं भागणार, म्हणून सासऱ्यांनी पौषात म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत ती विकून टाकली आणि उंच, पांढरी, सवत्स गाय आणली.

नव्या गाईने पहिल्या दिवशीच चरवी भरली. पण दूध तापवलं की वर नुसता पापुद्रा यायचा. सासूबाई नखावर थेंब घेऊन बघायच्या; तो ओघळून जायचा. पोर प्यायची आणि तासाभरात पुन्हा रडायची. असा आठवडा गेला. मग एका सकाळी माझ्या हातातली चरवी घेत त्यांनी विचारलं, "पाणी घालतेस काय गो?"

"नाय, आत्याबाई. तुमी बसा धार काढताना."

त्या बसल्या. थेंब तरीही ओघळला. पण त्यांची नजर काही निवळली नाही.

शेवटी फाल्गुनात सासऱ्यांनी मुरबाडकडच्या एका म्हाताऱ्या गुराख्याला बोलावलं. जन्मभर डांगी गुरं राखलेला माणूस. त्याने गाईच्या पाठीवरून हात फिरवला, मग गव्हाणीत बघितलं. गव्हाणीत नुसता भाताचा पेंढा होता. लढाईचे दिवस होते. माळावरचं गवत ठेकेदारांनी कापून, गठ्ठे बांधून वाशिंदहून आगगाडीने मुंबईला लष्कराच्या जनावरांसाठी धाडलं होतं. पेंड तर दिसतच नव्हती.

"हिची आयसुद्धा अशीच असल," तो म्हणाला. "दूध रग्गड, पन पातळ. रक्तातच हाय ते. त्यात तुमी तिला पेंढा घालताव. दाटपना येनार कुठून?" मग त्याने माझ्याकडे बघितलं. "शेवटच्या धारा कोन घेतं?"

"वासरू," मी म्हटलं.

वासराच्या बरगड्या दिसत होत्या. मला बघवायचं नाही, म्हणून मी कास निम्मी राहिली की त्याला सोडायची.

"पयल्या धारेत पानी, पोरी. लोनी असतं ते शेवटी."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. पाणी घातल्याचा आळ त्या दिवशी गेला. त्याच्या जागी दुसरा आला, आणि तो खरा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी शेवटचा थेंब निघेपर्यंत धार काढू लागले. पान्हा फुटण्यापुरतं वासरू लावायचं आणि ओढून खुंट्याला बांधायचं. ते ओढताना ताकद लागायची; पुढेपुढे लागेनाशी झाली. शेवटचं दूध मी वेगळं काढून पोरीला पाजायचे. पंधरा दिवसांत तिच्या गालांवर जरा मांस आलं. मी वासराला भाताची पेज पाजून बघितली. चैत्रात ते गेलं.

मग गाईने दूध चोरायला सुरुवात केली. सासऱ्यांनी वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवलं. दोन दिवस तिने ते चाटलं, तिसऱ्या दिवशी तोंड फिरवलं. महिन्याभरात ती आटली. आसपासच्या गाईही आटल्या होत्या. वासराला पाजायचे तीच पेज मग मी पोरीला पाजू लागले. ज्येष्ठात तिला हगवण लागली आणि चौथ्या दिवशी ती गेली.

दूध आधीपासून दाट मिळतं तर ती वाचली असती का, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही.

समाचाराला बायका आल्या. सासूबाई पडवीत बसून त्यांना सांगत होत्या, "हिने दोन मयने चांगलं दूध वासराला पाजलं." आवाजात राग नव्हता. झालं तेच त्या सांगत होत्या. मी आत चुलीपाशी होते. पाण्याचे तांबे भरले आणि बाहेर नेऊन एकेकीला दिले.