धाकटीने विद्यापीठात फरशी मोडली

धाकटी कशी आहे ते आधी ऐका. तिला 'असंच असतं' म्हटलेलं चालत नाही. वर्गात तिने गणिताच्या बाईंना 'का, का' करून इतकं पिडलं, की बाईंनी खडू फेकून मारला. नेम चुकला आणि खडू पहिल्या नंबरवाल्याच्या कपाळावर बसला. तेव्हापासून बाईंचा हिच्यावर दात. अशी पोरगी दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही.

तर शाळेची सहल निघाली विद्यापीठात, गणित बघायला. "गणित काय बघायचं? ते काय माकड आहे?" आई म्हणाली. पण तिथे शनिवारी मुलांचा गणिताचा वर्ग भरतो, आणि प्रत्येक शाळेतून एकालाच घेतात. ती जागा धाकटीला हवी होती. तिने हे फक्त दादाच्या कानात सांगितलं, तिथेच फसली. दादा फरशी बसवतो. अख्ख्या शहरात त्याच्यासारखा हात नाही, पण तोंडाला झाकण नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, धाकटीला विद्यापीठाने घेतलं!

"अरे दादा, मी अजून गेले पण नाही!"

"मग जा की. कोण अडवतंय?"

बाई अडवत होत्या. बसमध्ये पहिला नंबर त्यांच्या शेजारी, आणि धाकटी मागे, उलट्या करणाऱ्या पोरांत. "तिथे तोंड उघडायचं नाही," बाईंनी बजावलं.

विद्यापीठात लांबच लांब व्हरांडा, भिंतीवर मेलेल्या गणितज्ञांचे फोटो, सगळ्यांचे चेहरे पोट दुखत असल्यासारखे. एका जाड्या साहेबांनी भाषण ठोकलं, निम्मी पोरं झोपली. मग आले एक बुटके सर. शर्टाची बटणं वर-खाली लागलेली. त्यांनी टेबलावर लाकडी पट मांडला, बुद्धिबळासारखा काळ्या-पांढऱ्या घरांचा, फक्त तिरप्या रेषेतले समोरासमोरचे दोन कोपरे कापलेले. सोबत लाकडाच्या छोट्या फरश्या. एक फरशी शेजारच्या दोन घरांवर बसणार.

"ही खोली समजा. सगळी फरशी बसवून दाखवा."

पहिला नंबर घामाघूम झाला, जमलं नाही. धाकटी पुढे सरकली. सुट्टीत दादाच्या हाताखाली फरश्या उचलणारी पोर ती! कोपऱ्यापासून सरळ ओळी लावत गेली. शेवटी हातात एक फरशी, आणि रिकामी घरं दोन, एक इकडे तर एक तिकडे. सगळं उचलून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग तिने तिच्या घरात कुणीही केलं असतं ते केलं. फरशी टेबलाच्या कडेवर ठेवली आणि कट्! दोन तुकडे दोन घरांत.

"झाली खोली."

बाईंचे डोळे पांढरे झाले. "विद्यापीठाची वस्तू मोडलीस? माफी माग आधी!"

"थांबा बाई," सर म्हणाले. "का मोडलीस गं?"

"कापल्याशिवाय बसत नाही."

"अजून थोडा प्रयत्न केला असतास तर?"

आता सॉरी म्हणून गप बसली असती, तर बाई खूश झाल्या असत्या. जागा मात्र गेली असती. धाकटी पटाकडे बघत राहिली.

"नाही बसणार सर. जन्मभर लावत बसलात तरी नाही. दर वेळी काळीच घरं उरतात. फरशी एक काळं घेते, एक पांढरं. आणि तुम्ही कापलेले कोपरे दोन्ही पांढरे! मग पांढरी कमी पडणारच ना? गंडवताय तुम्ही."

'गंडवताय' ऐकून बाईंनी खुर्ची धरली. सर मात्र खोकला येईपर्यंत हसले.

"बसत नाही, एवढंच शोधायचं होतं. शनिवारी येशील?"

"सर, आमच्याकडून हा येणार आहे," म्हणत बाईंनी पहिल्या नंबरला पुढे ढकललं.

"बाई, शनिवारी मी पोहायला जातो," तो म्हणाला. "तुम्ही विचारलंच नाही."

झालं! सरांनी धाकटीचं नाव लिहून घेतलं. "पण मोडलीस तशी एक फरशी करून आण."

घरी दादाला जागा मिळाल्याचं काहीच वाटलं नाही, त्याच्या हिशेबी ती कधीच मिळाली होती. तो फरशीवरच भडकला. "हाताने मोडतात का गं? कटर कशाला आहे आपल्याकडे?" आणि त्याने अस्सल काळ्या ग्रॅनाइटची फरशी कापली, कडा घासल्या, आरशासारखी चकाकवली. शनिवारी ती फरशी पटावर बसली तेव्हा सरांच्या लाकडी फरश्या खेळण्यातल्या वाटायला लागल्या. आता मोडून दाखवा म्हणावं कुणीही.