कोऱ्या पानांचं पुस्तक

नजर अंधुक झालेली मी घरात कुणाला कळू दिली नव्हती. आंधळा होईन, याची मात्र लई धास्ती होती. एकटाच भोकरहून नांदेडला डोळे दाखवायला निघालो. एसटीत शेजारचा तरुण कोऱ्या पुस्तकावर बोटं फिरवत हसत होता.

"कोरा कागद काय चोळून राहिलास?" मी दरडावलं.

"वाचून राहिलो, आजोबा. मला दिसत न्हाई." त्यानं माझं बोट उठावदार ठिपक्यांवर ठेवलं.

"मग हसतोस कशाला?"

"लेखकाला दिसत असणार. गोष्टीतला माणूस एकटा पडला, की लगेच अंधार करतो. मी जन्मापासून अंधारात हाय, एकटा कुठं हाय?"

मी चौथी नापास, पुस्तकातलं मला काय कळतंय. पण नांदेडला उतरल्यावर आधी लेकाला फोन लावला.