दहा सेकंदांचा पहिला पीस

लिहायला बसण्याइतका मी मोठा नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि एडिटिंग शिकायला लागून जेमतेम वर्ष झालंय. चुकलं तर माफ करा. आणखी एका गोष्टीची माफी मागायची आहे. फिल्म शेवटी कोणत्या सॉफ्टवेअरवर केली, त्याचं नाव मी देणार नाही. एक माणूस हे वाचेल अशी मला आशा आहे.

तो आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबचा सेक्रेटरी, मला दोन वर्षांनी सीनियर. माझी पहिली फिल्म क्लबमध्ये त्याच्यासमोर लागली. पप्पा दिघीच्या आमच्या खोलीत बुटाची नाडी बांधतात आणि चाकणला फर्स्ट शिफ्टला निघतात, एवढीच ती होती. तिथल्या कारखान्यात प्रेस मशीनखाली त्यांची दोन बोटं अर्धी गेली आहेत, तरी नाडी झटक्यात बांधतात. मला तेच दाखवायचं होतं. पण मोबाइलमधल्या फुकट ॲपने उजव्या कोपऱ्यात स्वतःच्या नावाची पाटी छापली होती आणि ती नेमकी बोटांवर बसली होती.

मागून तो म्हणाला, "भावा, जाहिरात झकास झालीये. हात भाड्याने आणला का?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याचा मला अजून राग येतो.

पप्पांना दाखवायला म्हणून मी क्लबमधलं ते सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो. घरी त्यांनी विचारलं तेव्हा बॅटरी संपली म्हणालो. रेकॉर्डिंग मात्र पुसलं नाही.

मग ठरवलं, ही फिल्म नीट करून आंतरकॉलेज स्पर्धेला पाठवायची, आणि तीही तो वापरतो त्याच महागड्या सॉफ्टवेअरवर. त्या सॉफ्टवेअरची चोरीची कॉपी पेनड्राइव्हवरून सगळीकडे फिरत होती. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आणि फिल्म अर्ध्यात आली की सगळं अडकायचं. तीन दिवस असे गेले. पप्पा जेवता जेवता बघत होते.

"तू डायरेक्ट सगळा लॉट काढायलास," ते म्हणाले. "आमच्याकडं प्रेसची डाय बदलली की आधी एक पीस काढतेत. तो पास झाल्याबिगर लाइन चालू होत नाई."

मुदतीला आठ दिवस होते. मी नाडी बांधतानाचे दहा सेकंद वेगळे काढले. चार फुकट सॉफ्टवेअर घेतली आणि प्रत्येकात तेवढेच दहा सेकंद कापले, आवाज जोडला, फाइल बाहेर काढली. एकाने पाटी छापली. दुसरं फाइल काढतानाच बंद पडलं. तिसऱ्यात बूट आधी आपटायचा आणि आवाज मागून यायचा. चौथं दिसायला अगदीच साधं, पण त्यातून शॉट जसाच्या तसा आला. पप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"बोटं दिसायलीत," ते म्हणाले.

पुढचं मी त्यांना सांगितलं नाही. नाडीच्या शॉटखाली मी क्लबमधला तो हशा टाकला, आणि त्याआधी ते वाक्य, त्याच्याच आवाजात. आवाज वाढवला. चुकीचं असेल कदाचित, पण करताना फार बरं वाटलं. फिल्म मी क्लबकडे न देता कॉलेजातल्या एका सरांमार्फत पाठवली.

स्पर्धेच्या दिवशी माझी प्रॅक्टिकल परीक्षा होती. तो मात्र क्लबचा सेक्रेटरी म्हणून पुढच्या रांगेत बसणार होता. फिल्मचा दुसरा नंबर आल्याचं मला संध्याकाळीच मेलवर कळलं. पण मी वाट बघत होतो ती वेगळ्याच बातमीची. वर्गातला एक मित्र त्या हॉलमध्ये होता, आणि तो तिथूनच गावी गेला. चार दिवसांनी कॅन्टीनमध्ये भेटला तेव्हा मी आधी सेक्रेटरीबद्दलच विचारलं.

"स्वतःचा आवाज आला तसा खाली मान घालून मोबाइल बघत बसला, राव," मित्र म्हणाला. "बाहेर आल्यावर मला एवढंच विचारलं, 'कशावर केलीये रे त्याने?'"