गोलातले बांध

कन्हेरीतल्या आमच्या सामाईक विहिरीचे पाच वाटेकरी. त्यातले तात्या, म्हणजे माझे चुलते, आणि त्यांच्या बांधाला लागून शेत असलेले आबा यांचं पाण्याच्या पाळीवरून वाजलं, आणि आबांनी विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप ठोकलं. सगळ्यांचाच ऊस वाळायला लागला. सर्वांना पटतील अशा पाळ्या ठरल्याशिवाय किल्ली मिळणार नव्हती. मी बारामतीला हिशेबाची नोकरी करतो, म्हणून पाळ्या मांडून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

मी एकाच स्लाईडवर सगळं बसवलं. क्षेत्र, तास, टक्केवारी दशांशासकट. बायकोला दाखवलं.

"लाईटबिल हाय का हे? आबांना चष्मा लावूनबी दिसायचं न्हाय. एकच गोष्ट दाखवा, मोठी."

दशांश काढताना जिवावर आलं, पण तिचं बरोबर होतं. शेवटी एक मोठा गोल केला. ज्याचं क्षेत्र जास्त त्याचा रंगीत तुकडा मोठा, आणि त्या मानानं पाणी.

रविवारी सगळे घरी आले. टीव्हीवर गोल लागला. सगळ्यांनी माना पुढं काढल्या. मला वाटलं, पोचलं.

तात्या उठून टीव्हीजवळ गेले. "हे हिरवं माझं? आन् शेजारचं पिवळं?"

"आबांचं."

"हितंबी बांधाला ह्योच?"

"तात्या, ही जमीन नाही. हे पाण्याचे तास आहेत."

"मग मधी बांध कशाला घातलायस?"

ती दोन रंगांमधली पांढरी रेघ होती. आबा म्हणाले, "रेघ माझ्याकडं सरकलीय."

मी कोन मोजून दाखवतो म्हणालो. तिसरे वाटेकरी म्हणाले, "मोजणी आणायची तर सरकारी आणा."

चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "तुकडे हलवा की."

"त्यानं काहीच फरक पडत नाही."

"मग हलवायला काय जातंय?"

मी तात्या आणि आबांना लांब केलं. दोघंही जरा सैल बसले.

"पण हिर कुठं हाय?" आबांनी विचारलं.

मी गोलाच्या मधोमध एक निळा ठिपका टाकला. सगळ्या तुकड्यांची टोकं त्याला टेकली. आबा पुढं वाकून बराच वेळ बघत राहिले.

"व्हय. समद्यांचं टोक हिरीला लागतंय."

"आधीच दाखवायचं न्हाय का," तात्या म्हणाले.

आबांनी खिशातून किल्ली काढली. मी प्रत्येकाचे तास वाचून दाखवायला लागलो, तोवर सगळे चपला घालत होते. दुसऱ्या ओळीवर होतो तेव्हा मोटार सुरू झाल्याचं ऐकू आलं. तरी मी उरलेलं बायकोला वाचून दाखवलं.