मंदाच्या नावाचा जास्तीचा रकाना

भुतंखेतं, संकेत असलं मी मानत नाय. बायकोच्या दहाव्याला सगळे कावळ्याची वाट बघत बसले, मी उठून घरी आलो. तरी हे लिहितोय… चौथी शिकलेला माणूस आहे, चुकलं तर सुधारून घ्या.

नाशिकला अंबडच्या कारखान्यात लेथवर जन्म गेला. बायकोला, मंदाला जाऊन आठ महिने झाले. पोरगी मनीषा माझ्याकडं राहून कंप्युटरवर काम करते – द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजचा प्रोग्राम. त्याच्या दोन प्रती. डेव्हलपमेंट म्हणजे तालमीची, प्रॉडक्शन म्हणजे जिच्यावर खरं काम चालतं ती. दोन्हींतले रकाने सारखे आहेत का, हे एक टूल ताडून दाखवतं. फरक असला की लाल ओळ, मधे बाण. बाण जिकडं, ती बाजू बदलते. मी शेजारी बसून बघतो. कारखान्यात आम्ही पण प्रत्येक नग मास्टर पीसशी, म्हणजे नमुन्याच्या नगाशी ताडायचोच.

"आबा, कंपनीत चिकटवू का तुम्हाला?" ती म्हणायची.

मागच्या मंगळवारी सकाळी प्रॉडक्शनमध्ये एक रकाना जास्त निघाला. क्रेट, तापमान, आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत – मंदा एक घोट.

मनीषाचा हात थांबला. "आबा, आईचं नाव. एक घोट म्हणजे काय हो?"

"मला काय माहीत."

माहीत होतं. ऑपरेशनआधी नर्सबाईंनी पाणी बंद ठेवलेलं. मंदा म्हणाली, "एक घोट द्या हो." मी खेकसलो, "गप पड." ती ऑपरेशनातून उठली नाय. खोलीत आम्ही दोघंच होतो. हे मी कुणाला सांगितलं नाय, पोरीला पण नाय.

मनीषानं ऑफिसात सगळ्यांना फोन लावले. कुणी टाकलेला नाय. रकान्यात काही भरलेलं पण नाय.

"पुसू नको," मी म्हटलं. "बाण उलटा कर. तुझ्या तालमीच्या प्रतीत घे."

"ठेवायचा तर कारण लिहावं लागतं आबा, कशासाठी आहे ते. तुम्हाला ठाऊक आहे का काही?"

तोंड उघडलं… आणि मिटलं.

तिनं बाण होता तसाच ठेवला. मग बटण दाबलं, रकाना पुसला गेला. परत ताडून बघितलं – फरक शून्य.

रकाना कुणी घातला, ऑफिसला अजून पत्ता नाय. मला पण नाय. जेवताना मनीषा मधेच विचारते, "आबा, त्या दिवशी काही सांगणार होता का?"

नाय म्हणतो.