दुसऱ्या दिवशीचं शेड

परवेजच्या पायाला मुळातच भिंगरी होती आणि धंदाही त्याला तसाच मिळाला होता. भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, घनसावंगी, जिथे म्हणून अंड्याच्या कोंबड्यांचं शेड असेल तिथे तो फटफटीवर पोचायचा, मागे लाकडी पेटीत मशीन बांधून. सकाळी मशीन तापवायची, दिवसभर पिल्लांच्या चोची कापायच्या, संध्याकाळी पेटी आवळून जालन्याची वाट धरायची. बावीस वर्षं हेच चाललं होतं. एका शेडात लागोपाठ दोन दिवस तो कधी गेला नाही. जाण्याचं कारणच नव्हतं.

काम ऐकायला साधं आहे. दहा दिवसांचं पिल्लू मुठीत धरायचं, अंगठा डोक्यामागे, तर्जनी गळ्याखाली. लालभडक तापलेल्या पात्यावर चोचीचं टोक टेकवायचं. टोक तुटतं आणि जखम त्याच आचेने बंद होते. दोन सेकंदांचा मामला. पण सगळी मेख त्या तर्जनीत आहे. तिने गळा अलगद दाबला की पिल्लू जीभ आत घेतं आणि जीभ पात्यापासून वाचते. तर्जनी चुकली की जीभ भाजते. भाजलेल्या जिभेच्या पिल्लाला गिळता येत नाही, समोर भरल्या ताटात दाणे असताना ते उपाशी मरतं. परवेजचे उस्ताद लालमियाँ यांनी पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं, "आँख से नहीं, उँगली से देखना."

परवेज उँगलीने बघायचा. त्याचा हात हलका, असं जिल्ह्यातले सगळे शेडवाले म्हणायचे, आणि हे तो स्वतःही म्हणायचा, जरा जास्तच म्हणायचा. शेडात कुणी पाहुणा आला, जळक्या वासाने नाकाला रुमाल लावून "दुखतं का हो यांना?" असं विचारलं, तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "न्हाई ओ. नखं कापल्यावानी असतं." हेही लालमियाँचंच वाक्य. बावीस वर्षांत त्याने ते एवढ्या वेळा म्हटलं होतं की तोंड आपोआप म्हणायचं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे बद्रीनाथच्या शेडात तीन हजार पिल्लांचं काम होतं. वाटेत राजूरजवळ फटफटीची साखळी उतरली. ती चढवण्याच्या घाईत उजव्या हाताची तर्जनी साखळीत सापडली. तिथल्या एका डॉक्टरने दोन टाके घातले, वर चांगली जाड पट्टी गुंडाळली आणि आठ दिवस काम बंद म्हणून सांगितलं. परवेजने मान डोलावली आणि तिथून थेट शेड गाठलं.

बद्रीनाथ दारातच उभा होता. माणूस वाईट नाही, पण त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला कायम घाई. "आज उरकलं पाह्यजे बरं का परवेजभाई. परवा लस हाय." मग पट्टी दिसली. "चालतंय ना या बोटानं?"

"बिलकुल," परवेज म्हणाला.

बावीस वर्षांच्या हाताला एका पट्टीने काय होतंय, असं त्याला वाटलं. वाटलं कसलं, विचार करायला नको म्हणून त्याने तसं ठरवूनच टाकलं. शेडावर राबणारी नंदाबाई पिल्लं हातात देत गेली, तो कापत गेला. तीन हजार पिल्लांचा चिवचिवाट एवढा की शेजारचं माणूस काय बोलतंय ते कळेना. पाचच्या सुमारास काम संपलं. "फीड खोल ठेवा दोन-चार दिवस, चोच तळाला लागता कामा न्हाई," एवढं नेहमीसारखं सांगून तो निघाला.

घरी आला तेव्हा दिवे लागले होते. दारातली गावरान कोंबडी पायात घोटाळली. त्याने ती उचलली, आणि का कोण जाणे, सवयीने पट्टीचं बोट तिच्या गळ्याखाली लावलं. काहीच कळलं नाही. जीभ आत गेली की बाहेर आहे, काही नाही. पुन्हा दाबलं. कापडावर कापड दाबावं तसं. मग त्याने मधलं बोट लावलं, तर गळ्याची हालचाल स्पष्ट लागली.

आज तीन हजार पिल्लं त्याने न बघता कापली होती.

जेवायला बसला आणि चौथ्या घासाला उठला. बाहेर जाऊन फटफटीची साखळी उगाच तपासली. आत आला. फोन हातात घेतला, बद्रीनाथचं नाव काढलं, फोन खाली ठेवला. काय सांगणार होता? परवेजने जिभा जाळल्या, ही बातमी दोन दिवसांत चार तालुके फिरली असती. शेडवाले एकमेकांना पहिलं हेच सांगतात, कुणाचा हात कसा आहे. ते नाव गेलं की पेटीतली मशीन भंगारातच घालायची. आणि सांगितलं नाही तर ती पिल्लं परवापर्यंत पाय ताणून पडणार. तो पुन्हा उठला.

"क्या हुआ जी? एक जगह बैठो तो," फरहीन म्हणाली. वीस वर्षांच्या संसारात नवरा एवढा येरझाऱ्या घालताना तिने पाहिला नव्हता.

त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"तो सुबह जाओ ना."

"जाके क्या बोलूँ?"

"जो हुआ सो बोलो. और क्या बोलते?"

सांगायला सोपं होतं. जायचं त्याला होतं.

फजरची नमाज झाली तसा तो निघाला. थंडीने बोट ठणकत होतं. वाटभर मनात वाक्यं जुळवत होता आणि मोडत होता. आधी पिल्लं शोधावीत, ज्यांच्या जिभा भाजल्यात ती वेगळी काढावीत, मग बद्रीनाथला सांगावं. शोधणं अवघड नव्हतं, असा त्याचा हिशेब. भाजलेलं पिल्लू खात नाही, गप उभं राहतं. बाकीची धावत असतील, तेवढी सोडून उरलेली उचलायची.

शेडाच्या दारात पोचला तर आतून आवाजच नाही. पिल्लं दुसरीकडे हलवली की काय, असं त्याला वाटलं. पडदा सारून आत पाऊल टाकलं. सगळी तिथेच होती. दिव्यांखाली दाटीने उभी, माना खाली, डोळे अर्धे मिटलेले. एखादं ताटलीपाशी जायचं, दाण्याला चोच लावायचं आणि झटक्याने मान मागे घ्यायचं. पुन्हा उभं राहायचं. ताटलीत खाद्याचा पातळ थर होता, खाली पत्रा दिसत होता.

तीन हजारांच्या तीन हजार जिभा जाळल्या आपण. परवेज तिथेच भुशावर बसला.

नंदाबाई पाण्याची बादली घेऊन आली. "अगं बाई! परवेजभाई, तुम्ही कसे काय? काही राह्यलं का इथं?"

"नंदाबाई," त्याने विचारलं, "हे सगळे असे गप का?"

"गप?" तिने शेडभर नजर फिरवली. "दुसऱ्या दिवशी असंच असतंय की. दोन-तीन दिवस बोलत न्हाईत, खात न्हाईत. मंग लागतेत हळूहळू." आणि त्याच्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्हाला म्हाईत न्हाई व्हय?"

त्याला माहीत नव्हतं.

त्याने जवळचं एक पिल्लू उचललं आणि चोच उघडली. जीभ धड, गुलाबी. खाली ठेवलं. दुसरं उचललं. धड. तिसरं, चौथं, दहावं, धड. चोचीही त्याच्या नेहमीच्या कामासारख्या, सरळ आणि स्वच्छ कापलेल्या. हलक्या हाताचं काम. आणि हलक्या हाताने कापलेलं ते पिल्लू खाली ठेवलं की मान पाडून उभं राहत होतं. बावीस वर्षांत किती शेडं केली असतील त्याने? प्रत्येक शेडात दुसऱ्या दिवशी हेच झालं असणार, आणि तो त्या वेळी भलत्याच गावात मशीन तापवत, कुणाला तरी नखांचं सांगत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. राग आला, पण तो कुणावर काढायचा हे कळेना. लालमियाँ तर कधीच मातीत गेले होते, आणि त्यांनी तरी दुसरा दिवस कुठे पाहिला असणार.

"तुम्ही कधी बोल्ला न्हाई मला, नंदाबाई."

"तुम्ही कधी इचारलं?" ती म्हणाली, आणि बादली ठेवून त्याच्या शेजारी बसली. "चला, काय शोधून राह्यले ते सांगा."

नुसतं बघून काही कळणार नव्हतं, कारण भाजलेली आणि धड सारखीच दिसत होती. मग दोघांनी एकेक पिल्लू उचलून चोच उघडून बघायला सुरुवात केली. धड जिभेचं मध्ये आडव्या लावलेल्या फळीच्या पलीकडे, भाजलेलं खोक्यात. सकाळची दुपार झाली. नंदाबाईने आपली भाकरी त्याच्यापुढे केली, त्याने अर्धी खाल्ली. तीन वाजेतो खोक्यात एकोणसाठ पिल्लं जमली. काहींच्या जिभेचं टोक काळं पडलं होतं, काहींची जीभ अर्धीच राहिली होती.

बद्रीनाथ आला तेव्हा परवेज उठून उभा राहिला आणि जुळवलेली सगळी वाक्यं विसरून एका दमात बोलला. पट्टी, गळा, जिभा, एकोणसाठ. नाव जाणार तर जाऊ दे, हे बोलता बोलताच त्याच्या मनात ठरलं.

बद्रीनाथने खोक्यात डोकावून पाहिलं. "एवढंच? अहो परवेजभाई, शे-पन्नास पिल्लं तर अशीही मरतेत. त्याच्यासाठी एवढ्या लांबून आल्ता का? चहा घ्या, चहा." आणि जाता जाता, "पुढल्या बॅचला तुम्हीच या. तुमच्यावानी हलका हात न्हाई कुणाचा."

शिव्या खायची तयारी करून आलेल्या माणसाला चहा मिळाला. परवेजने कप तसाच खाली ठेवला. त्याचं नाव शाबूत होतं, जसंच्या तसं, आणि त्याला ते अंगावरून काढून फेकावंसं वाटत होतं.

"बद्रीशेठ, एक करा. फीड तेवढं खोल टाका."

"सांडतंय हो. वाया जातं."

कोपऱ्यातलं पोतं परवेजने स्वतःच खांद्यावर घेतलं आणि ताटल्या काठोकाठ भरत सुटला. बद्रीनाथ बघत राहिला, मग हसून घड्याळाकडे बघत निघून गेला. जरा वेळाने एका पिल्लाने भरल्या ताटलीत चोच घातली. मान मागे घेतली नाही. एकदा टिपलं, दुसऱ्यांदा टिपलं. नंदाबाई म्हणाली, "बघा, खाऊन राह्यलं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

खोक्यातल्या पिल्लांना नंदाबाईने भिजवलेलं खाद्य बोटाने चारलं. तो रोज फोन करायचा. पहिल्या दिवशी तिने सांगितलं, "अठ्ठेचाळीस." मग, "चाळीस." पाचव्या दिवशी, "बत्तीस राह्यले. पण हे आता जगतेत, काळजी करू नका." काळजी न करण्याची सोय त्याच्याजवळ उरली नव्हती.

त्याच आठवड्यात बदनापूरकडच्या उषाबाईंचं बोलावणं आलं. नवरा वारल्यावर त्यांनी नवंच शेड टाकलं होतं, पहिलीच बॅच, हजार पिल्लं. परवेज दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं की मग दुसरा कुणी बघते, आणि दुसरा कुणी म्हणजे कसला हात, हे त्याला ठाऊक होतं. तो गेला.

मशीन तापली. पातं लाल झालं. उषाबाई नाकाला पदर लावून जवळ उभ्या होत्या. पिल्लांचा नुसता कल्ला चालला होता.

"भाऊ, दुखतं का हो यांना?"

तोंडात ठरलेलं वाक्य आलं होतं. त्याने ते गिळलं.

"दुखतं, ताई. दोन-तीन दिवस लई दुखतं."

उषाबाईंचा पदर खाली आला. "मंग कशाला कापायचं?"

"पुढं यांना पिंजऱ्यात घालणार ना तुम्ही. एवढ्याशा जागेत चार-चार. मंग या एकमेकीला टोचून जिवं मारतेत. पिंजरा मोठा होत न्हाई, म्हणून चोच लहान करायची."

उषाबाईंनी वळून पाहिलं. मागे मोकळे पिंजरे रांगेने टांगलेले होते, तिकडे बघत राहिल्या.

"मी नुसतं टोक घेईन," परवेज म्हणाला. "दिवस लागला तर लागू द्या. ताटल्या काठोकाठ भरून ठेवा. आन् उद्या सकाळी मी पुन्हा येणार हाय."

त्याने दाताने पट्टीची गाठ सोडली आणि पट्टी खिशात घातली. टाके अजून ओले होते. पहिलं पिल्लू हातात घेऊन त्याने उघडी तर्जनी गळ्याखाली टेकवली, तशी कळ थेट खांद्यापर्यंत गेली. पिल्लाने जीभ आत घेतली. ती हालचाल त्याच्या बोटाला लागली. अशी अजून नऊशे नव्व्याण्णव होती.