देवाला करमतं का?

बायको माहेरी गेली ती माझ्या जिभेमुळे. एकदा पोळ्या लाटता लाटता तिने विचारलं, "मी नसले तर तुमचं चालेल का हो?" अशा वेळी काय म्हणायचं हे लोणखेड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी म्हणालो, "चालेल? पळेल!" मला तो विनोद वाटला. तिने पोळ्या पुऱ्या केल्या, पिशवी भरली आणि अक्कलकुव्याची बस धरली.

त्यानंतर ती फोन उचलेना. सवयीने मी दोघांचा चहा टाकायचो आणि दोन्ही कप पिऊन रात्रभर जागा राहायचो. मिक्सरशी बोलायला लागलो तेव्हा मात्र घाबरलो आणि रविवारी सासुरवाडी गाठली.

मेहुणा तिथल्या चर्चचा पाळक. दुपारी त्याच्याकडे प्रार्थनेची घरसभा होती. तिथली रीत अशी की शास्त्रभाग वाचून झाला की पाळक एक प्रश्न टाकतो, पाहुण्याने आधी बोलायचं, आणि प्रश्न सुटेपर्यंत चहा नाही. मेहुण्याने माझ्याकडे बघत विचारलं, "दाजी, देवाला एकटं वाटतं का? कुणाची ओढ लागते का त्याला?"

बायको आत स्वयंपाकघरात होती. दार उघडं. एवढं आयतं ताट वाढून ठेवलं होतं, पण सतरंजीवर पन्नास डोळे दिसले की माझ्यातला वक्ता उठतो.

"छे!" मी म्हणालो. "पिता, पुत्र आणि आत्मा अनादि काळापासून एकत्र. त्याला एकटेपण कुठून येणार? ज्याला कुणावाचून अडतं तो देव कसला?"

"मग बागेत आदामाला 'तू कुठे आहेस' अशी हाक का मारली?"

"त्याला ठाऊक होतं. हाक आदामासाठी होती."

मेहुण्याने घाम पुसला. "बरं, जुन्या करारातला तो संदेष्टा घ्या. बायको सोडून गेली, तर देव त्याला म्हणतो, जा, तिच्यावर पुन्हा प्रीती कर. माझेही लोक मला असेच सोडून गेलेत, तरी मी करतोच. ही ओढ नाही तर काय?"

सगळी मंडळी माझ्याकडे बघायला लागली. बुडत्याला दोर टाकावा तसा त्याने तो संदेष्टा टाकला होता. मी दोर नीट तपासला आणि परत केला. "तो दृष्टांत आहे. शब्दशः घ्यायचा नसतो."

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, त्याला कुणीच नको होतं, तर माणूस बनवला कशाला?"

"प्रेम ओसंडलं म्हणून, आई. गरज होती म्हणून नाही."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. "जिंकलात, दाजी," मेहुणा म्हणाला. मयतीला आल्यासारखा त्याचा आवाज होता.

चहा घेऊन बायकोच आली. सगळ्यांना कप दिले आणि माझ्यापुढून ट्रे तसाच नेला. "ज्याला काही कमी नाही त्याला चहा कशाला?" बायका हसल्या. ती हसली नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. ती पाठमोरी, भांडी विसळत होती. एवढा वेळ मी पुस्तकी मराठीत देवाची वकिली केली होती, आता तोंडातून घरचीच भाषा बाहेर पडली. "माले करमत नही. तुन्हाबिगर घर खावाले धावस."

"हे देवाबद्दल का?"

"मन्हाबद्दल."

"बाहेर ऐकू गेलं नाही," ती म्हणाली. "मघाशी तर आवाज चांगला खणखणीत होता."

बाहेर सगळ्यांनी कप खाली ठेवले होते. मी दारात उभा राहून तेच मोठ्याने म्हणायला गेलो, तर 'खावाले'शीच आवाज फाटला. उरलेलं रडण्यात गेलं. सतरंजीवरच्या माणसांनी खाली बघितलं. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला.

तिने हात कोरडे केले. मला पाण्याचा तांब्या दिला. मग म्हणाली, "आता जा. परतीची गाडी सुटेल."

"आणि तू?"

"मला अजून विश्वास बसत नाही."

मी गेलो नाही. अंगणात, चपलांच्या ढिगाजवळ बसलो. मंडळी एकेक करून आपापली चप्पल शोधत निघून गेली, शेवटी माझीच जोडी उरली, आणि आत कुणीतरी दार लोटून घेतलं.